सरकार पक्षकार होतें तेव्हां

दोन सामान्य माणसें न्यायालयाची पायरी चढतात, तेव्हां प्रत्येकास आपलाच जय व्हावा असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु सरकार स्वतःच पक्षकार म्हणून उभें राहतें, तेव्हां त्यासही हाच नियम लावावा काय? आमच्या मतें तो लावतां येत नाहीं. आरोपीस पकडण्याची, पुरावा गोळा करण्याची व सार्वजनिक खजिन्यांतून वकील देण्याची सत्ता ज्याच्या हातीं आहे, त्यानें केवळ जिंकण्यासाठीं झुंजणें म्हणजे मल्लानें पोराशीं कुस्ती खेळणें होय.

लोकमान्य टिळकांवरील १९०८ सालचा राजद्रोहाचा खटला या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. 'केसरी'तील लेख मराठी. त्यांचा अर्थ व रोख काय, हाच सारा वाद. असें असतां सरकारनें खास ज्यूरी मागितली. तींत युरोपियनांचा भरणा होऊन मराठी न जाणणारे लोक निवाडा करतील, ही आरोपीच्या वतीनें घेतलेली हरकत न्यायालयानें मानिली नाहीं. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी बसले. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले, आणि त्यांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

खास ज्यूरी मागणें कायद्याबाहेर नव्हतें. पण एखादी गोष्ट करण्याचा अधिकार असणें निराळें आणि ती करणें उचित असणें निराळें. सरकारनें खटला जिंकला व लोकांचा विश्वास गमावला. पुढें १९५६ सालीं त्याच उच्च न्यायालयांत, टिळकांच्या त्या वेळच्या उद्गारांचा शिलालेख मुख्य न्यायमूर्ती छगला यांनीं अनावृत केला.

तें सरकार परकें होतें, असें कोणी म्हणेल. पण सरकार स्वकीय झालें म्हणजे हें कर्तव्य सुटतें काय? १९०८ सालच्याच दिवाणी प्रक्रिया संहितेचें ८० वें कलम आजही लागू आहे. त्याप्रमाणें सरकारवर दावा लावण्यापूर्वीं सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हेतु हा कीं, सरकारनें शांतपणें विचार करून रास्त मागणी तेथेंच मान्य करावी. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध विधवेनें सरकारी कचेरीस दिलेल्या घराच्या थकलेल्या भाड्यासाठीं अशी नोटीस दिली. दोन महिने उत्तर नाहीं. दावा लावल्यावर उत्तर आलें तें एवढेंच कीं, मागणी मुदतीबाहेरची आहे. भाडें थकलें होतें हें कोणीं नाकारिलें नाहीं. आणि ती बाई थांबली होती ती कचेरीच्याच आश्वासनांवर विसंबून!

न्याय्य मागणी बुडविण्यासाठीं सरकारनें मुदतीची ढाल एरवीं पुढें करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं मद्रास पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणांत बजाविलें आहे. यावर आक्षेप असा कीं, खजिना लोकांचा आहे, तो राखणें हेंही कर्तव्यच. खरें आहे; म्हणून खोट्या मागणीशीं सरकारनें अवश्य लढावें. पण ती विधवाही लोकांपैकींच नव्हे काय? तिचें देणें बुडवून वांचविलेला पैसा लोकांच्या खजिन्याची शोभा वाढवीत नाहीं. न्यायालयांत सरकार हरलें आणि न्याय झाला, तर तो सरकारचा पराभव नव्हे. उलट, न्याय हरून सरकार जिंकलें, तर त्या जयाची किंमत शेवटीं आपणां सर्वांसच द्यावी लागते.