अक्षर उरतें, अर्थ जातो

इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत ज्याचें आयुष्य गेलें, तो मनुष्य उतारवयांत हळूहळू वाचन विसरूं लागला, तर त्याच्यांतून नेमकें काय गेलें असें म्हणावें? भाषाशक्तीच प्रथम झिजविणारा मेंदूचा एक विकार आहे. प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ सालीं असा रोगी वर्णिला. १९८२ सालीं मेसुलम यांनी अशा रोग्यांचा स्वतंत्र वर्ग मांडला.

या विकाराच्या एका प्रकारांत शब्दांचा अर्थच विरत जातो. असा मनुष्य इंग्रजींतील ‘कर्नल’ हा शब्द लिहिल्या अक्षरांप्रमाणें ‘कोलोनेल’ असा वाचतो. कारण तेथें अक्षर व उच्चार यांचा मेळ नाहीं, आणि शब्दाची ओळख तर पुसलेली असते. बाळबोध लिपींत बहुधा जसें लिहिलें तसेंच वाचावयाचें. म्हणून अर्थ लोपल्यावरहि वाणी अस्खलित चालूं शकते. घरच्यांस वाटतें, इंग्रजी गेलें, पण मराठी शाबूत आहे. वस्तुतः एका लिपीनें उघड केलेली हानि दुसरीनें झांकलेली असूं शकते.

येथें खरा प्रश्न नीतीचा आहे. आपण मनुष्यास त्याच्या मानाच्या भाषेवरून मोजतों. ही संवय जुनी आहे. वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, येथें सांपडलेल्या वाकाटक राजा विंध्यशक्ति दुसरा याच्या ताम्रपटांत वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. आजहि त्या जिल्ह्यांत घरांत वऱ्हाडी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेंत ग्रांथिक मराठी, आणि प्रतिष्ठेसाठीं इंग्रजी, अशी उतरंड दिसते. वडिलांचें इंग्रजी वाचन थांबलें, कीं त्यांची बुद्धीच गेली असा निवाडा घर देऊन टाकतें. परंतु हैदराबादेस सुवर्णा अल्लादी व त्यांचे सहकारी यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाचे रोगी तपासले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, एकाहून अधिक भाषा बोलणारांस हा विकार सुमारें साडेचार वर्षें उशिरा जडल्याचें आढळलें; निरक्षरांतहि तसेंच. तेव्हां भाषेचें सामर्थ्य केवळ पुस्तकी नव्हे.

म्हणून दोन कर्तव्यें वेगळीं ठेवावीं. दोन्ही भाषांत वाचावयास लावून अर्थ विचारणें, हें वैद्याचें काम. घरानें परीक्षक होऊं नये. ‘हें वाचा पाहूं’ असें म्हणण्याऐवजीं, ज्या बोलींत त्यांचा चेहरा अजून उजळतो, त्या बोलींत त्यांच्याजवळ बसून बोलावें. त्यांचें वाचन संपलें असेल. आपलें ऐकणें संपण्याचें कारण नाहीं.