वृद्धसेवेतील समन्वय

घरातील अथवा शेजारच्या वृद्ध, अपंग माणसाला शासनाकडून, बँकेकडून किंवा रुग्णालयाकडून जे साहाय्य मिळण्याजोगे आहे, ते त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे कोणाचे कर्तव्य? आणि ते पोहोचविताना पोहोचविणाऱ्याचा अधिकार कोठवर चालतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गृहस्थाश्रमी वाचक चटकन देतील. दुसऱ्याने मला स्वतःला बरेच दिवस अडविले आहे.

साहाय्य मुळीच नाही, असे आज म्हणता येत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात दारिद्र्यरेषेखालील वृद्धांस ६० ते ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये व ८० पासून पुढे ५०० रुपये हा केंद्राचा वाटा आहे; राज्ये त्यात आपली भर घालतात. रक्कम तुटपुंजी खरीच. १४५६७ या क्रमांकावर वृद्धांना विनामूल्य माहिती व मदत मिळते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. परंतु प्रत्येक सोय आपापल्या दारात उभी आहे, आणि एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचा रस्ता ज्याला चालवत नाही, त्यानेच तो चालावा अशी अपेक्षा असते.

काशीत ब्रह्मघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. माझे अध्ययन तेथेच झाले. गुरुजी गेल्यापासून काकू त्याच घरात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय ८१, काचबिंदूने दृष्टी गेलेली. गेल्या वर्षी भेटीस गेलो तेव्हा कळले की निवृत्तिवेतनाचे पैसे खात्यावर जमा होत आहेत, पण पाच महिने त्यांच्या हाती आलेले नाहीत. आयुष्यभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, म्हणून यंत्राला ओळख पटेना. गल्लीतला पैसे देणारा म्हणे, शाखेत जा. शाखेतले म्हणाले, आधार केंद्रात जा. केंद्रातले म्हणाले, बाईंना येथे घेऊन या. तिघांचेही बोलणे आपापल्या जागी खोटे नव्हते. काकू मात्र जिना उतरू शकत नव्हत्या.

सत्तरीपुढील व अपंग खातेदारांना बँकेने घरी येऊन मूलभूत सेवा द्याव्यात, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच दिलेला आहे. तो दाखविल्यावर शाखेतला एक तरुण यंत्र घेऊन घरी आला. त्याने एकामागून एक बोटे लावून पाहिली आणि उजव्या हाताची अनामिका जुळली. तीन दिवसांच्या धावपळीचा शेवट एवढासा!

त्या यशाने मी थोडा फुगलो असलो पाहिजे. त्याच भरात एका वृद्धाश्रमाचा अर्ज आणून मी काकूंच्या नावे भरावयास घेतला. वय, आजार, नातेवाईक, सर्व रकाने मलाच ठाऊक होते. काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अरे, सगळ्यांना विचारून आलास. मला विचारलंस का?”

मी निरुत्तर झालो. माझा व्यवसाय भाषांतराचा आहे आणि समन्वय हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायाला समन्वयाध्याय म्हणतात. उपनिषदांत विखुरलेल्या वाक्यांचे तात्पर्य एकाच ठिकाणी कसे आहे, हे तेथे दाखविले आहे. पण तात्पर्य ठरविण्याची मीमांसकांची रीत पाहावी. ग्रंथाचा आरंभ काय, शेवट काय, पुनःपुन्हा काय सांगितले आहे, अशा खुणांवरून ते ग्रंथातूनच काढावयाचे असते; टीकाकाराने आपल्या मनातले त्यावर लादले तर तो समन्वय नव्हे. भाषांतर करताना हा नियम मी कसोशीने पाळतो, आणि समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो मला आठवला नाही. बँक, केंद्र, रुग्णालय ही विखुरलेली वाक्ये मी जोडली खरी, पण त्यांचे तात्पर्य परस्पर माझ्याच मनाने ठरवून टाकले.

आश्चर्य असे की आपल्या कायद्यांनी हा विवेक सोडलेला नाही. निर्वाहाचा अर्ज वृद्धाने स्वतः करावा. तो असमर्थ असेल तर त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था करू शकते, असे २००७ चा कायदा सांगतो. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वही अपंग व्यक्ती व पालक यांनी परस्परविश्वासाने मिळून निर्णय घेण्याचे आहे.

येथे कोणी म्हणेल, वृद्धाचे म्हणणे त्याच्याच हिताविरुद्ध असेल तर? एकट्या अंध बाईने त्या घरात राहणे धोक्याचे नाही काय? आहे. ती भीती मी काकूंना सांगितली, आणि सांगितली ती योग्यच केली. पण भीती सांगणे निराळे आणि तिच्या जोरावर दुसऱ्याचे घर मोडणे निराळे. जेथे माणसाची समजच हरपलेली असते, तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. तथापि तेथेही त्याच्या जुन्या आवडी आणि सवयी कोणाला तरी ठाऊक असतात.

मग मी विचारले. काकूंना दोन गोष्टी हव्या होत्या: जिन्याला धरण्यापुरता कठडा, आणि संध्याकाळी काही वाचून दाखविणारे कोणी. यांपैकी एकही कोणत्या योजनेत मला सापडली नाही. कठडा लोहाराने एका दिवसात बसविला. वाचावयास खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी येते. त्या वृद्धाश्रमाच्या अर्जाच्या कोऱ्या पाठीवर तिने शाखेचा, डॉक्टरांचा आणि माझा दूरध्वनी क्रमांक लिहून तो भिंतीला लावला आहे. काकूंना तिन्ही क्रमांक पाठ आहेत.