भरीचा भाग

चांगल्या रहस्यमालिकेचा एखादा भाग फसला की तिच्या चाहत्याला राग येतो, आणि तो राग कंटाळ्याचा नसतो. नुसता कंटाळा आला तर माणूस वाहिनी बदलतो, उठून चहा टाकतो आणि विसरून जातो. इथे तो रात्री उशिरापर्यंत जागतो, मित्राला फोन करून वाद घालतो, मागच्या भागांतले धागेदोरे काढून ‘हे आधीच्याशी जुळतच नाही’ हे पटवून देतो. घरातली मंडळी म्हणतात, एवढं काय, मालिकाच आहे ना! मालिकाच आहे, हे खरं. तरीही हा राग मला वेडगळ वाटत नाही.

विनोदी मालिकेचा भाग पडला तर नुकसान त्या अर्ध्या तासापुरतं असतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा हसवलं की हिशेब मिटतो. रहस्यमालिकेचा व्यवहार उधारीचा असतो. लेखक प्रश्न टाकतो, उत्तर पुढे देतो म्हणतो, आणि प्रेक्षक त्याच्या शब्दावर थांबतो. जितके प्रश्न, तितकी उधारी. म्हणून एक भाग ढिला पडला की शंका त्या भागापाशी थांबत नाही, ती मागे जाते. याच्या गाठीला खरंच काही आहे का? ज्या दृश्यांनी झोप उडवली होती, ती कुठे पोचणार होती, की नुसतीच उडवाउडवी होती?

या शंकेचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या ‘लॉस्ट’ मालिकेत सापडतं. २२ सप्टेंबर २००४ ला एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. विमान कोसळून एका बेटावर अडकलेली माणसं, उष्ण प्रदेशातल्या जंगलात निघालेलं ध्रुवीय अस्वल, धुराच्या लोटासारखा अंगावर येणारा राक्षस, जमिनीत पुरलेला लोखंडी दरवाजा. दोन वर्षांत लेखकांनी प्रश्नांची रास रचली आणि जगभरचे प्रेक्षक ती उपसत बसले. तिसऱ्या पर्वात १४ फेब्रुवारी २००७ ला डेसमंड या पात्राचा असा एक भाग आला की काळाची उलटापालट कशी करावी याचा तो वस्तुपाठच. आणि बरोबर आठवड्याने, २१ फेब्रुवारीला, जॅकच्या गोंदणाचा भाग आला. मालिकेच्या चाहत्यांत सर्वांत वाईट भाग कोणता असा विषय निघाला की आजही याचं नाव पहिल्या झटक्यात घेतलं जातं.

त्यात घडतं ते असं. जॅक हा शल्यविशारद भूतकाळात थायलंडमधल्या फुकेतला जातो. समुद्रकिनारी त्याला पतंग उडवता येत नसतो, तिथे अचारा नावाची बाई भेटते. ती माणसाचा मूळ स्वभाव ओळखून तो त्याच्या अंगावर गोंदते. जॅक हट्टाने तिच्याकडून गोंदवून घेतो आणि त्यापायी मार खाऊन तिथून हाकलला जातो. बस्स. हे गोंदण कुठून आलं, असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मॅथ्यू फॉक्स या अभिनेत्याच्या अंगावर ते आधीपासून होतं, म्हणून पात्राच्याही अंगावर आलं, आणि तिसऱ्या वर्षी त्याची गोष्ट करायची वेळ आली. जॅकचे वडील सांगून झाले होते, लग्न आणि घटस्फोट सांगून झाला होता. उरला होता दंड.

पण मला जास्त खटकतं ते याच भागातलं दुसरं, छोटंसं दृश्य. जॅक बेटावर पिंजऱ्यात कोंडलेला आहे. त्याच्यासमोर काही माणसं येऊन उभी राहतात. त्यांत त्याच विमानातली हवाईसुंदरी सिंडी आहे आणि पळवून नेलेली दोन लहान मुलं आहेत. ही माणसं गेल्या पर्वापासून बेपत्ता. त्यांचं काय झालं, ती आता पळवणाऱ्यांच्याच गोटात इतकी निवांत कशी, हा खरोखर अंगावर काटा आणणारा प्रश्न. आपण बघायला आलोय, एवढंच सिंडी म्हणते. जॅक चिडून त्यांना जायला सांगतो, आणि ती जातात. विचारण्यासारखा प्रश्न पिंजऱ्याच्या गजांपर्यंत चालत आला, लेखकांनी त्याला परत पाठवला, आणि वाचलेला वेळ पतंग उडवण्यात घालवला. चाहता चिडतो तो इथे.

आता एवढे कसबी लेखक असं का लिहितात? आळस हे कारण नव्हतं. अमेरिकी वाहिनीचा हिशेब सरळ होता. मालिका चालतेय तोवर चालवायची, वर्षाला वीस-बावीस भाग पाडायचे. डेमन लिंडलॉफ आणि कार्लटन क्यूज या मालिकेच्या धुरिणांना आपण गोष्टीच्या मध्यावर आहोत की सुरुवातीला, हेच ठाऊक नव्हतं. अजून दोन वर्षं काढायची असतील तर उत्तरं आता द्यायला हवीत, सहा वर्षं काढायची असतील तर जपून ठेवायला हवीत. ज्याला शेवट कधी हे माहीत नाही, तो जपूनच ठेवणार. आपल्याकडे याला ‘मालिकेत पाणी घालणं’ म्हणतात.

मग घडलं ते चाहत्यांच्या कुरकुरीची किंमत सांगणारं. दोघे आधीपासून वाहिनीकडे शेवटाची तारीख मागत होते. लिंडलॉफने पुढे सांगितलं की, तारीख मिळाली नाही तर गोष्टीचं काय होतं, हे दाखवायला गोंदणाचा हा भागच कामी आला. मे २००७ मध्ये जाहीर झालं की मालिका आणखी ४८ भाग चालेल आणि २०१० मध्ये संपेल. गाजती मालिका तीन वर्षं आधी तारीख जाहीर करून संपवायची, हे अमेरिकी दूरचित्रवाणीला नवखं होतं. त्याच महिन्यात, २३ मे रोजी, तिसऱ्या पर्वाचा शेवट दाखवला गेला. एरवी पात्रांच्या भूतकाळात मागे जाणारी गोष्ट त्या रात्री एकदम त्यांच्या भविष्यात उडी मारून गेली. पुढचं टोक हाती असल्याशिवाय अशी उडी कोणी मारत नाही.

तारीख ठरल्याने सगळंच सुधारलं असं मात्र नाही. २०१० मध्ये मालिका संपली तेव्हा शेवटावरून चाहत्यांत उभी फूट पडली, ती अजून बुजलेली नाही. पण ते भांडण वेगळ्या जातीचं आहे. उत्तर पटलं नाही, हा मतभेद झाला. उत्तर आहे की नाही याचीच खात्री नसणं, ही फसवणुकीची शंका झाली.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे भागात काही घडलं नाही की तो वाईट? तसं नाही. योगायोग असा की ‘लॉस्ट’चा शेवटचा भाग ज्या रात्री लागला, त्याच २३ मे २०१० ला एएमसी वाहिनीवर ‘ब्रेकिंग बॅड’चा ‘फ्लाय’ हा भाग लागला. अख्ख्या भागात मालिकेचा नायक वॉल्टर आणि त्याचा साथीदार जेसी आपल्या भूमिगत प्रयोगशाळेत एका माशीच्या मागे धावतात. खर्च हाताबाहेर गेला होता, म्हणून एकाच जागी दोन माणसांत भाग उरकायचा, हे त्यामागचं व्यावहारिक कारण निर्मात्यांनी लपवलं नाही. पुष्कळ प्रेक्षक वैतागले, अजूनही वैतागतात. मला तो भाग आवडतो. माशी मारता मारता, गुंगीत, वॉल्टर एका मृत्यूबद्दलच्या सत्याच्या अगदी काठावर येतो. अजून एक वाक्य बोलला असता तर सगळं संपलं असतं. भाग भरीचाच, पण आधी घेतलेली उधारी तो विसरलेला नाही. गोंदणाच्या भागात घटना जास्त आहेत, माशीच्या भागात जवळजवळ नाहीत. तरी थांबलेला पहिलाच वाटतो.

उलटी चूकही होते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’मध्ये लॉरा पामरचा खुनी कोण हे वाहिनीच्या दबावाखाली नोव्हेंबर १९९० मध्येच उघड करावं लागलं. त्यानंतर मालिका सैरभैर झाली आणि जून १९९१ मध्ये बंद पडली. तेव्हा ‘उत्तर लवकर द्या’ हा उपाय नव्हे. उत्तर योग्य जागी पडायला हवं, आणि ती जागा आधी ठरलेली हवी.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारची नाहीतर काळापहाडची पुस्तिका हातात घेतली की किती पानं उरली हे अंगठ्याला कळायचं. शेवटची दहा पानं आली की खुनी त्यांतच सापडणार, ही हमी होती, आणि त्या हमीमुळेच उत्सुकता वाढायची. रोजच्या मालिकेत उरलेली पानं दिसत नाहीत. झी मराठीवरच्या ‘असंभव’ किंवा ‘रात्रीस खेळ चाले’साठी घराघरांत लोक जेवणं आटोपून बसले, ते काही करमणुकीला दुसरं साधन नव्हतं म्हणून नव्हे. आठवड्याला पाच-सहा भाग लिहायचे, आकडे बरे असतील तोवर गाडं ओढायचं, अशा धबडग्यात रहस्य टिकवणं कोणाही लेखकाला जड जाणार. कोणत्याही खोलीचं दार उघडायला तीन दिवस आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा, ही त्या अडचणीची खूण आहे.

म्हणून फसलेल्या भागावर चिडणाऱ्याला गप्प बसवू नये. चिडतो त्याअर्थी तो अजून बघतोय आणि हिशेब ठेवतोय. मात्र चिडून त्याने मागायचं काय, ते नीट मागावं. अधिक धक्के, अधिक खून, अधिक भुतं मागितली तर वाहिनी ती आनंदाने देईल आणि पाणी आणखी वाढेल. त्यापेक्षा एकच विचारावं: ही गोष्ट कधी संपणार आहे? ज्या रहस्यमालिकेला याचं उत्तर देता येत नाही, तिला आपली संध्याकाळ देऊ नये.