अहवाल कोणापुढे ठेवावयाचा?

सार्वजनिक संस्थेने आपल्या कारभाराचा खरा हिशेब लिहून ठेवला, म्हणजे तिचे नैतिक कर्तव्य संपले काय? मुंबई महानगरपालिकेच्या एका नेमाने हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला आहे. 1888 च्या तिच्या कायद्यातील कलम 63-ब अन्वये आयुक्ताने दर वर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. हवा, पाणी, आवाज, कचरा अशी प्रकरणे त्यात येतात. गिरगाव-दादरच्या सुशिक्षित घरांत वर्तमानपत्र नित्य वाचले जाते. हा अहवाल क्वचितच.

आकडे खोटे असतात, हा आपला नेहमीचा आक्षेप. आम्हांस खऱ्या आकड्यांचे भय अधिक वाटते. 26 जुलै 2005 च्या पावसाची नोंद पाहा. चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास अवघा 73. दोन्ही नोंदी बिनचूक होत्या. त्यांची सरासरी पाचशेच्या वर भरते. परंतु तो सरासरीचा पाऊस ना सांताक्रूझने पाहिला, ना कुलाब्याने. पुढे महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली, हे योग्यच झाले. ज्या हिंदमात्याच्या चौकात पाणी तुंबते, तेथील दुकानदारास साऱ्या शहराचा आकडा काय कामाचा?

हवेच्या निर्देशांकाचे तसे नाही. 2015 पासून देशात प्रचलित असलेल्या या मापात आठ प्रदूषकांपैकी जो सर्वांत वाईट ठरेल, त्याचाच अंक जाहीर होतो. म्हणजे वर्गातील सर्वांत मागच्या विद्यार्थ्याचे गुण हेच वर्गाचे गुण! ही कठोरता आम्हांस आवडते. परंतु पन्नासाच्या पुढे शंभरापर्यंतच्या अंकास तेथे ‘समाधानकारक’ म्हणतात. समाधान कोणाचे? सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा दर घनमीटरास 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचविलेली मर्यादा 5 आहे. मोजणी यंत्र करते, पण विशेषण माणूसच निवडतो.

व्याख्येचीही तीच गोष्ट. 1991 च्या नियमाप्रमाणे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनीचा विकास करताना सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, तेवढाच सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकास, अशी वाटणी होती. 2001 साली ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. गिरणगावच्या वाट्याची मैदाने कागदावरच आक्रसली. त्यापुढे कोणी कितीही प्रामाणिकपणे मोजले तरी काय निष्पन्न व्हावयाचे?

म्हणून अहवाल हा आम्ही हिशेबापेक्षा साक्ष समजतो, आणि साक्षीला उलटतपासणी करणारा लागतो. 7 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. कायद्याने ज्याने अहवाल ठेवावयाचा आणि ज्याच्यापुढे ठेवावयाचा, ते दोघे एकच झाले! येथे आमचा रोख कोणा व्यक्तीवर नाही. अहवाल छापला जातो, मग तो कोणीही वाचावा, असे यावर म्हटले जाईल. परंतु वाचणे निराळे, आणि सभागृहात उभे राहून ‘हे असे का?’ म्हणून उत्तर मागणे निराळे. नगरसेवक असताना तरी हा प्रश्न किती वेळा विचारला गेला, ही शंका रास्त आहे. तथापि न वापरलेला अधिकार आणि नसलेला अधिकार यांत भेद केलाच पाहिजे.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीतील ताप हा प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. ते वैद्य होते, तसेच महापालिकेचे सभासदही होते. रोग्यांच्या टिपणात लिहून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ते महापालिकेत मांडले. त्यांचे निदान इतरांकडून तपासून घेण्यात आले, शंका निघाल्या. पण शंका काढावयास समोर माणसे बसलेली होती.