कोळंबी सगळ्यात शेवटी

कोळंबी शिजायला तीन मिनिटं लागतात. त्यापुढे ती आक्रसते आणि वातड होते. लुइझियानातला कोळंबीचा तिखट स्ट्यू करायला मात्र दीड तास सहज जातो, आणि त्यात कोळंबीच्या वाट्याला येतात ती एवढीच तीन मिनिटं. बाकीचा वेळ मैदा, कांदा, सालं आणि पाणी यांचा. हा हिशेब ज्याला पटत नाही त्याने हा पदार्थ करायला घेऊ नये, असं माझं मत आहे. पटकन काहीतरी हवं असेल तर कोळंबी तव्यावर तळावी. तीही उत्तम लागते.

न्यू ऑर्लिन्सच्या जेंटिली भागात आम्ही राहत होतो, तेव्हा शेजारच्या आजींकडून मी हे शिकलो. आजी आपलं मी मनातल्या मनात म्हणायचो. तिकडे वयाने मोठ्या बाईला नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, आणि ती उलट सगळ्या जगाला 'बेबी' म्हणते. पोस्टमन बेबी, नळदुरुस्तीवाला बेबी, पन्नाशीला टेकलेला मीही बेबी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच शहरातलं, कॅथलिक, फ्रेंच आडनावाचं, काळ्या-गोऱ्या दोन्ही पूर्वजांचं. अशी घराणी तिथे स्वतःला क्रिओल म्हणवतात.

सुरुवात होते रू पासून. रू म्हणजे तेलात भाजलेला मैदा. बिडाच्या जाड भांड्यात अर्धी वाटी तेल, तेवढाच मैदा, मध्यमच्या जरा खाली आच आणि हातात सपाट टोकाचा लाकडी चमचा. बेसनाचे लाडू करणाऱ्याला हे काम वेगळं शिकवावं लागत नाही. तळ खरवडत राहणारा हात तोच, आणि डोळ्यांपेक्षा नाकावर ठेवलेला भरवसाही तोच. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, मग लाह्यांचा, मग भाजल्या शेंगदाण्यांचा. रंग वाळूवरून शेंगदाण्याच्या कुटावर येतो आणि तिथून जुन्या तांब्याच्या नाण्यावर. आणखी धीर धरला तर चॉकलेटी होतो, आणि त्याच्या जरा पुढे काळे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की भांडं रिकामं करायचं, त्याला इलाज नाही. दुसरी गंमत अशी, की मैदा जितका गडद भाजावा तितका तो रस्सा कमी दाट करतो, कारण भाजताना त्यातला स्टार्च मोडत जातो. चव वाढवायची की दाटपणा राखायचा, हे त्या शेवटच्या दोन-चार मिनिटांत ठरतं. स्ट्यूसाठी आजी तांब्याच्या नाण्यावर थांबायच्या. तोवर फोन वाजला तरी उचलायच्या नाहीत. गरम रू हातावर उडाला तर चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. तिथले स्वयंपाकी त्याला गमतीने 'केजन नेपाम' म्हणतात.

रंग आला की चिरून ठेवलेला कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची एकदम आत. भांडं चरचरतं, वाफ तोंडावर येते आणि भाज्यांच्या पाण्याने रूचं भाजणं जागच्या जागी थांबतं. या तिघांना तिकडे 'होली ट्रिनिटी' म्हणतात. मुलूखच कॅथलिक. आपल्याकडे श्रावणात मासे बंद, तर तिकडे ईस्टरआधीच्या लेंटमध्ये शुक्रवारी मटण-कोंबडी बंद आणि मासे-कोळंबी चालू. या उपासाची झळ तिथे कुणाला लागलेली मी पाहिली नाही.

फ्रेंच स्वयंपाकात या त्रिकुटात ढोबळी मिरचीच्या जागी गाजर असतं. 1718 मध्ये फ्रेंचांनी हे शहर वसवलं, पण गाजर टिकलं नाही. पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतून गुलामांची पहिली जहाजं आली. भाताचं बियाणं आणि भात पिकवणं जाणणारी माणसं आणा, अशा सूचना त्या कप्तानांना होत्या. म्हणजे हा स्ट्यू ज्या भातावर वाढतात, तो भातही त्याच जहाजांतून उतरला. पुढे चाळीसेक वर्षं स्पेनचा अंमल झाला, आणि 1803 मध्ये अमेरिकेने सगळा मुलूखच विकत घेतला. राज्यं बदलली, चुलीपाशी उभी राहणारी माणसं बदलली नाहीत. सधन घरांत ती बहुतेक गुलाम बायाच होत्या. भेंडी आफ्रिकेची, सासाफ्रासच्या पानांची पूड चॉक्टॉ आदिवासींची, रूची रीत मालकांची. जे मिळेना त्याच्या जागी जे मिळेल ते, असं करत हा स्वयंपाक झाला. दीड तास ढवळत उभं राहायला ज्यांच्याकडे वेळ होता, तो वेळ त्यांचा स्वतःचा नव्हता. मंद आचेचं कौतुक करताना हे मनातून जात नाही, जाऊही नये.

आमच्या रेवदंड्याहून खाडी ओलांडली की कोर्लई लागतं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घरात बोलतात. भाषेचे अभ्यासक तिला क्रिओलच म्हणतात. 1740 मध्ये जवळच्या चौलचा ताबा पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, बोली राहिली. ती कुणी बसून ठरवली नव्हती. हाताशी जे होतं त्यात एका पिढीने भागवलं आणि पुढच्या पिढीला तेच मूळचं वाटलं. न्यू ऑर्लिन्सच्या भांड्यात याहून वेगळं काही झालेलं नाही.

गंमत पुढे आहे. अदलाबदलीतून जन्मलेल्या या पदार्थाला आज अदलाबदल खपत नाही. टोमॅटोचंच घ्या. शहरातले क्रिओल स्ट्यूत टोमॅटो घालतात. पश्चिमेला लाफायेतकडे गेलात तर केजन लोक टोमॅटो पाहून नाक मुरडतात. केजन म्हणजे 1755 पासून इंग्रजांनी कॅनडाच्या अकेडियातून हुसकून लावलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे वंशज. हे लोक शहरात नाही, दलदलीच्या आणि गवताळ मुलखात वसले. दोघांच्या कोळंबीत एवढंच अंतर, पण त्यावरून जेवणाच्या टेबलावर आवाज चढलेले मी ऐकले आहेत. आजी टोमॅटो घालायच्या, तोही दोनच, आणि तो आंबट राहणार नाही इतका शिजू द्यायच्या. मला त्यांची बाजू पटते, पण मी त्यांच्याच हातचं खाल्लं असल्यामुळे माझ्या साक्षीला अर्थ नाही.

तिखटाबद्दल मराठी माणूस तिकडे जरा ऐटीतच असतो. पहिल्या घासाला वाटतं, एवढंच? चार घास गेले की कळतं, हे तिखट एका जागी बसलेलं नाही. कायेन नावाची लाल मिरचीची पूड ओठांवर, काळी मिरी जिभेच्या मागे, पांढरी मिरी घशात. लुइझियानाचा स्वयंपाक जगभर नेणारे पॉल प्रुडॉम या तिन्हींचा मेळ घालूनच मसाला करत. त्यात थाइम आणि तमालपत्र. बाटलीतला मिरचीचा सॉस शेवटी, तोही ताटात. टबॅस्को त्याच राज्यातल्या एव्हरी आयलंडवर 1868 पासून होतो, पण न्यू ऑर्लिन्सच्या घरगुती टेबलावर मला क्रिस्टलची बाटलीच जास्त दिसली. ती आधी हातात घ्यायची नाही, हा मात्र दंडक. ट्रेमे भागातल्या 'डूकी चेस' खानावळीच्या लीआ चेस यांनी चव न घेता गंबो नावाच्या तिथल्या रश्शात सॉस ओतणाऱ्या बराक ओबामांनाही झापलं होतं. ज्या काळात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवणं कायद्यात बसत नव्हतं, त्या काळात नागरी हक्क चळवळीतली माणसं त्यांच्याकडे एकत्र बसून जेवत आणि पुढचे बेत आखत. अशा बाईंपुढे सॉसची बाटली जपूनच उचलावी.

आपल्या घरांतली अडचण वेगळीच. कोळंबी सोलून झाली की आमच्याकडे हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. हळद-मीठ चोळून ठेवायचं, हे हाताला पाठ असतं. मग वाटतं, आलं-लसूण लावावं. मग वाटतं, चिमूटभर गरम मसाल्याने काय बिघडणार? बिघडत काहीच नाही. छान कालवण होतं. पण त्या कालवणासाठी एवढा वेळ मैदा भाजण्याचं कारण नव्हतं. गाजराच्या जागी ढोबळी मिरची घालणाऱ्याला गाजर मिळत नव्हतं किंवा परवडत नव्हतं. माझी हळद अडचणीतून येत नाही, सवयीतून येते. गरजेने केलेला बदल पदार्थात मुरतो. सवयीने केलेला बदल पदार्थाला आपल्या घरी ओढून आणतो, आणि मग घरोघरी एकच चव होते.

खरी मोठी अदलाबदल मात्र मसाल्यात झालेली नाही, ती कोळंबीतच झाली आहे. अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या कोळंबीपैकी बहुतेक बाहेरून येते, आणि ती पाठवणाऱ्यांत गेली काही वर्षं भारत सगळ्यात पुढे आहे. सुपरमार्केटात गोठवलेल्या, सोललेल्या कोळंबीची पिशवी उलटून पाहिली की मागे आपल्या देशाचं नाव दिसतं. ही बहुतांशी आंध्रच्या तळ्यांत वाढवलेली वनामी. या वनामीचं मूळ घर मेक्सिको ते पेरूचा पॅसिफिक किनारा. भारतात तिच्या संवर्धनाला 2009 मध्ये परवानगी मिळाली, आणि आता ती बर्फात बसून अमेरिकेला परत जाते. लुइझियानाच्या कोळ्यांचं म्हणणं, या भावात आमचं डिझेलही सुटत नाही. 2005 पासून भारतासह काही देशांच्या कोळंबीवर अमेरिकेने डम्पिंगविरोधी शुल्क लावलं आहे. 2019 मध्ये तर त्या राज्याने कायदाच केला, की कोळंबी परदेशी असेल तर हॉटेलने गिऱ्हाइकाला तसं सांगावं. नदीपलीकडे वेस्टवेगोला रांगेने लाकडी गाळे आहेत, तिथे बर्फाच्या पेट्यांतून ताजी कोळंबी वजनावर विकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर तपकिरी जातीची, ऑगस्टनंतर पांढऱ्या जातीची. मी कुठला, हे तिथे कळलं की विकणारा क्षणभर थांबायचा आणि मग वजन करायचा. त्यावर मी काय बोलणार? आंध्रच्या शेतकऱ्याचंही पोट त्याच पिशवीवर आहे.

पिशवीवर माझा राग असलाच तर तो साधा, स्वयंपाकातला आहे. तिच्यात डोकी नसतात, सालं नसतात. आणि या स्ट्यूचा जीव त्यांच्यात. बाजारातून आणलेल्या कोळंबीची डोकी आणि सालं थोड्या तेलात परतायची. करडी सालं शेंदरी होतात, तेलाला रंग सुटतो, डोक्यातलं पिवळट द्रव्य तळाला लागून खमंग होतं. मग पाणी, कांद्याची सालं, सेलरीचे शेंडे, तमालपत्र, आणि अर्धा तास मंद उकळी. गाळून घेतलेलं हे पाणी पळीपळीने रूत जातं. आजी त्यात मूठभर सुकवलेली कोळंबीही टाकायच्या. त्या सुकटीचीही एक कथा आहे. बाराटारिया उपसागरात फिलिपिनो आणि चिनी लोकांनी पाण्यात खांब रोवून वर फळ्यांचे मोठे माचे बांधले होते. मिठाच्या पाण्यात उकळलेली कोळंबी त्यावर वाळवायची आणि पायांना कापड गुंडाळून तिच्यावर नाचायचं, म्हणजे सालं सुटतात. त्यातल्या मनिला व्हिलेज नावाच्या वस्तीला 1965 च्या बेट्सी वादळाने धुऊन नेलं. लुइझियानातल्या दुकानांत गल्ल्याजवळ आजही सुकवलेल्या कोळंबीच्या छोट्या पुड्या टांगलेल्या असतात; लोक त्या शेंगदाण्यांसारख्या तोंडात टाकतात.

रेवदंड्याच्या घरी हा स्ट्यू करायची वेळ आली, तेव्हा सेलरी कुठेच मिळाली नाही. आईने कोथिंबिरीच्या काड्या पुढे केल्या, मी घेतल्या. कायेन नव्हतं, घरचं लाल तिखट होतं, मसाल्याचं नव्हे, नुसत्या मिरचीचं. सकाळी कोळणीकडून घेतलेली कोळंबी डोक्यासकट होती. सुक्या कोळंबीऐवजी आईच्या बरणीतले सोडे टाकले. हळदीचा डबा मी फळीवर मागे ढकलून ठेवला होता. मैद्याचा रंग येईपर्यंत आई दोनदा येऊन बघून गेली. "एवढ्या वेळात माझी दोन वाटणं झाली असती," म्हणाली.

रात्री जेंटिलीला फोन लावला. काड्यांचं सांगितलं, तिखटाचं सांगितलं, सोड्यांचं सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं: "डोकी टाकून नाही ना दिलीस, बेबी?" नाही म्हटल्यावर कोथिंबिरीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

डोक्या-सालांचं थोडं पाणी उरलं होतं. ते फ्रीजमध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शोधलं तर पातेलं घासून पालथं घातलेलं. त्या दिवशीचं आईचं कालवण नेहमीपेक्षा चांगलं झालं होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "कोकम नवं आहे."