किती लांबून बघणार?

आजोबांचा दहावा दोन दिवसांवर आला होता. चऱ्होली फाट्याजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात नातवाने मोबाईल पुढे केला. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत आलेला फोटो.

"काका, १० बाय ८ चा श्रद्धांजलीचा फ्लेक्स. आणि यातूनच घरासाठी १२ बाय १८ इंचाची फ्रेम."

"बघणार कोण? किती लांबून?"

"फोटो तर एकच आहे ना! मोबाईलवर बघा की, किती झकास दिसतोय."

काकांनी एकदा सांगून पाहिलं, मग छापून दिलं.

फ्लेक्स चौकात लागला. ४० फुटांवरून आजोबा हुबेहूब दिसत होते. येणारे-जाणारे थांबून हात जोडत होते. जवळ गेलं तर मिशीच्या जागी नुसते चौकोन होते, पण फ्लेक्सला नाक लावून बघतं कोण? त्या फोटोला मी दोष देणार नाही. चौकातलं काम त्याने चोख केलं होतं.

फ्रेम मात्र आजीच्या हातात गेली. तिने पदराने चष्मा पुसला, फ्रेम वीतभर अंतरावर धरली आणि भुवईवरून बोट फिरवलं. "इथं खूण होती. बैलाचं शिंग लागलं होतं. कुठं गेली रे?"

नातू दुकानात परत आला. काकांनी तोच चेहरा स्क्रीनवर मोठा केला. "जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि बारीक रेघा आधी टाकतं. सुरकुत्या, केस, खुणा, सगळं त्यात जातं. शिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो लहानही होतो. मोबाईलच्या पडद्याला तेवढा पुरतो. तू कामाला कुठं?"

"चाकणला. क्वालिटीत."

"मग पार्ट कुठं बसणार हे न बघता ओके करतोस का?"

पोरगा गप्प झाला. तिथल्या तिथे त्याने आत्याला फोन लावला. मूळ फोटो तिच्याच मोबाईलमध्ये होता. "आत्या, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." आला तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. ग्रुपवरचा जेमतेम १६०० बाय १२०० चा होता.

संध्याकाळी नवी फ्रेम घरी आली. आजीचं बोट कपाळावरून हळूहळू खाली उतरलं आणि डाव्या भुवईपाशी थांबलं. तिथून ते बराच वेळ हललं नाही.