सामानापाशी राहिलेल्याचा वाटा

शास्त्रवाचन : १ शमुवेल ३०:१–२५
मननासाठी वचन : १ शमुवेल ३०:२४



दावीद आणि त्याचे सहाशे लोक सिकलाग येथे परत आले तेव्हा गाव जळून राख झाले होते आणि त्यांची बायकामुले अमालेकी लोकांनी धरून नेली होती. रडून रडून त्यांच्या अंगात त्राण उरले नाही. तरी परमेश्वराला विचारून दावीद पाठलागास निघाला. बसोर ओढ्यापाशी दोनशे जणांचे पाय चालेनात. ते सामानापाशी राहिले आणि चारशे पुढे गेले. परमेश्वराने जय दिला. गेलेले सर्व परत मिळाले, वर पुष्कळ लूटही मिळाली. परतताना मात्र तंटा उभा राहिला. जे आपल्याबरोबर आले नाहीत त्यांनी आपापली बायकामुले घ्यावी आणि चालू लागावे, लुटीत त्यांचा हक्क नाही, असे काही दुष्ट लोक म्हणू लागले. दावीदाने ते ऐकले नाही. लढाईवर गेलेल्याचा आणि सामानापाशी राहिलेल्याचा वाटा सारखाच, असा त्याने निवाडा दिला, आणि इस्राएलात तो पुढे कायदाच होऊन बसला.

या वचनावर मनन करताना एका दिवंगत पियानोवादकाची आठवण करू या. तो कोणा चर्चमधला नव्हे, रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध ब्रिटिश रॉक वाद्यवृंदातला. उपासनेचा आणि रॉक संगीताचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण आपल्या प्रभूने अन्यायी कारभाऱ्याच्या गोष्टीतूनही शिष्यांना शिकवले. या मनुष्याला संत म्हणून पुढे करण्याचा हेतू नाही, आणि त्या वाद्यवृंदाच्या राहणीचा कित्ता गिरवावा असेही नाही. त्याच्या आयुष्यात सामानापाशी राहणे म्हणजे काय ते दिसते, एवढ्यासाठीच ही आठवण.

इयन स्ट्यूअर्ट याचा जन्म १९३८ साली स्कॉटलंडमधील पिटनवीम या किनाऱ्यावरच्या गावी झाला. तो इंग्लंडमध्ये वाढला आणि एका रसायन कंपनीत कारकुनी करू लागला. १९६२ च्या मे महिन्यात ब्रायन जोन्स या तरुणाने वाद्यवृंद काढण्यासाठी वृत्तपत्रात जाहिरात दिली. तिला पहिले उत्तर गेले ते स्ट्यूअर्टचे. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स त्यानंतर आले. म्हणजे ज्यांची नावे पुढे जगभर झाली त्यांच्याआधी हा तेथे होता.

१. मनुष्य बाहेरचे पाहतो

१९६३ साली या वाद्यवृंदाला अँड्र्यू लूग ओल्डम हा नवा व्यवस्थापक मिळाला. त्याने पाहिले आणि ठरवले की सहा जण फार होतात, लोकांच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय हा रुंद जबड्याचा, धिप्पाड गडी इतरांच्या शेजारी शोभत नाही. वाजवण्यात खोट नव्हती. चेहरा फोटोत बसेना, एवढेच. स्ट्यूअर्टला सांगण्यात आले की तू यापुढे जाहीरपणे आमच्यातला नाहीस. सामानाची, गाडीची व्यवस्था पाहा, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी पियानो वाजव.

ज्या शमुवेलाच्या पुस्तकातून आपण वाचले, त्यातच सोळाव्या अध्यायात इशायाच्या घरची हकिकत आहे. अलियाबाचा बांधा पाहून शमुवेल संदेष्टाही भुलला. तेव्हा परमेश्वराने त्याला बजावले की मनुष्य बाहेरचे पाहतो, मी हृदय पाहतो. संदेष्टा जिथे चुकला तिथे आपण चुकणार नाही असे कोणी समजू नये. नाताळच्या कार्यक्रमात कोणते मूल पुढे उभे राहावे, पाहुणे आले असता कोणी शास्त्रवाचन करावे, सुवर्णमहोत्सवाच्या फोटोत कोणी पहिल्या रांगेत बसावे, हे आपणही ठरवतो. ठरवताना आपण काय पाहतो? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा प्रश्न विशेष मनावर घ्यावा. मुलाला मागे उभे केल्याचे शिक्षक संध्याकाळपर्यंत विसरतो. मूल ते म्हातारपणापर्यंत विसरत नाही.

२. सामानाचे काम हलके नाही

स्ट्यूअर्ट निघून गेला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. तो राहिला. बावीस वर्षे राहिला. त्याने गाडी चालवली, वाद्ये उचलली, ती मंचावर लावली, आणि गरज पडेल तेथे पियानोपाशी बसला. मित्र कीर्तीच्या शिखरावर गेले तरी तो त्यांच्यापुढे वाकला नाही. मंचावर बोलावताना तो त्यांना थट्टेच्या नावांनी हाक मारी, आणि वाजवणे बिघडले तर तोंडावर सांगे. तो हट्टीही होता. मायनर कॉर्ड म्हणजे उदास वळणाचे सूर त्याला आवडत नसत. ते आले की तो वाजवायचे नाकारी. असा तो साधा, रोखठोक मनुष्य होता.

बसोर ओढ्यापाशी राहिलेले दोनशे जण आळशी नव्हते. ते थकले होते, असे शास्त्र स्पष्ट सांगते. आणि ते झोपले नव्हते. चारशे जणांचे सामान त्यांच्या भरवशावर होते. पाठीवरचे ओझे कोणी सांभाळतो म्हणून लढणाऱ्याचा हात मोकळा राहतो. आपल्या मंडळ्यांतही हेच आहे. उपदेश तासाभरात संपतो. पण त्याआधी कोणी दार उघडले, बाके पुसली, दिवे लावले, प्रभुभोजनाची भांडी घासली, गायनाची पाने काढून ठेवली. ऑर्गनवर किंवा पेटीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्याची पाठच मंडळीला दिसते, चेहरा दिसत नाही. ज्या रविवारी तो आजारी पडतो त्या रविवारी मात्र सर्वांना कळते की आपल्याला सूर कोण देत होता.

३. वाटा हे दान नव्हे

दावीदाने आपल्या निवाड्याचे कारणही सांगितले, आणि ते फार मोलाचे आहे. त्या दोनशे जणांची कीव करा, असे तो म्हणाला नाही. हे सर्व आपल्याला परमेश्वराने दिले आहे, असे तो म्हणाला. जे मुळात दान म्हणून मिळाले त्याचे मालक आपण कसे होणार? लूट माझ्या तलवारीने मिळाली असे वाटले की मग मागे राहिलेल्याला देणे हा उपकार ठरतो. परमेश्वराने दिली असे कळले की ते देणे हक्काचे होते. मंडळीतले मानपान आणि रुसवेफुगवे बहुधा येथेच उगवतात : हे काम मी उभे केले, हे चर्च आमच्या घराण्याने चालवले, असे आपण म्हणू लागतो.

आणखी एक गोष्ट २१ व्या वचनात आहे. दावीद ओढ्यापाशी आला तेव्हा वाटणीचे बोलण्यापूर्वी त्याने त्या दोनशे जणांजवळ जाऊन त्यांचे क्षेमकुशल विचारले. ते जिवंत असताना, त्यांच्या तोंडावर विचारले.

१२ डिसेंबर १९८५ रोजी श्वासाच्या त्रासासाठी डॉक्टरांकडे गेलेला इयन स्ट्यूअर्ट तेथे वाट पाहत बसला असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला. वय ४७. त्यानंतर मित्रांनी त्याची आठवण मनापासून केली. फेब्रुवारी १९८६ मध्ये लंडनच्या एका लहानशा क्लबात त्यांनी त्याच्यासाठी वाजवले. त्याच वर्षी निघालेली ध्वनिमुद्रिका त्याला अर्पण केली, आणि तिच्या शेवटी त्याचाच पियानो अर्धा मिनिट ऐकू येतो. १९८९ साली अमेरिकेतील रॉक संगीताच्या सन्मानपटावर त्यांची नावे गेली, तेव्हा त्यांत त्याचेही नाव घातले गेले. २०१० साली कीथ रिचर्ड्स याने आपल्या आत्मचरित्रात लिहिले की आपल्या लेखी हा वाद्यवृंद अजूनही स्ट्यूचाच आहे.

हे सर्व चांगले झाले. मैत्रीला शोभेल असेच झाले. पण सन्मानपटावरचे ते नाव वाचायला तो नव्हता. आपल्याकडे अंत्यविधीच्या उपासनेत किती सुंदर भाषणे होतात! त्यांतले एक वाक्य त्या मनुष्याने ऐकले असते तर त्याची कितीतरी वर्षे सुखाची गेली असती. प्रियजनहो, फुले पेटीवर ठेवण्यापूर्वी हातात द्या.

४. मागे ठेवलेल्यांना

हे वाचणाऱ्यांत असाही कोणी असेल की ज्याला खरोखर बाजूला सारले गेले. त्याला, गप्प राहा, सेवा कर, असे सांगून ही गोष्ट संपवणे बरे नव्हे. स्ट्यूअर्ट राहिला म्हणून त्याला काढण्याची रीत न्यायाची ठरत नाही. अन्याय झाला असेल तर मंडळीच्या वडिलांपुढे तो प्रेमाने व निर्भयपणे मांडावा. दावीदाच्या छावणीतही दुष्टांना उत्तर द्यावेच लागले.

पण एक गोष्ट धरून ठेवा. तुमची किंमत फोटो काढणाऱ्याने ठरवलेली नाही. आपला प्रभू स्वतः नापसंत केलेल्या दगडाविषयी बोलला, कारण तो दगड तोच होता. यशयाने सांगितल्याप्रमाणे त्याच्याकडे पाहावे असे रूप लोकांना त्याच्यात दिसले नाही. वेशीबाहेर त्याला मरण आले. म्हणून वेशीबाहेर, ओढ्याकाठी, सामानापाशी जो बसला आहे त्याला तो परका नाही. दावीदाचा पुत्र परत येईल तेव्हा तोही आधी क्षेमकुशल विचारील आणि मग पुरा वाटा देईल.

या आठवड्यात आपल्या मंडळीत सामानापाशी कोण बसले आहे ते पाहा. त्याच्या घरी जा. काम सांगायला नव्हे, नुसते क्षेमकुशल विचारायला.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आम्ही चेहरे पाहिले आणि हृदये विसरलो, याची क्षमा कर. ज्यांच्या श्रमांवर आम्ही उभे आहोत त्यांची नावे आम्हाला आठवण करून दे, आणि ते आमच्यात आहेत तोवरच त्यांचा वाटा त्यांना देण्याची बुद्धी दे. जे मनाने दुखावून मागे राहिले आहेत त्यांच्यापाशी तू बस. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.